फुकट जेवणाऱ्यांची यादी

आठवीपर्यंत मी शाळेत खिचडी खाल्ली. ताटली घरून न्यायची, व्हरांड्यात रांगेत बसायचं, मावशी वाढायची. कुणाच्या बापाची कमाई किती, हे कुणी विचारलं नाही. (वाढताना कुणाच्या ताटलीपासून पळी किती वर राहायची ती गोष्ट वेगळी. ती तुम्हाला माहीत आहे.) नववीत खिचडी बंद. योजनाच आठवीपर्यंतची. आणि नववीत आला स्कॉलरशिपचा फॉर्म. सरांनी भरवर्गात यादी वाचली. म्हणाले, एवढ्यांनी उभं राहा, उत्पन्नाचा दाखला आणा. आम्ही अकरा जण उभे राहिलो. बाकीचे बसून बघत होते. त्यात असे दोघे होते की त्यांच्या घरची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी नव्हती. पण त्यांचं नाव यादीत नव्हतं म्हणून ते बसलेले.

आईनं तलाठ्याकडे हेलपाटे घातले, मग तहसील गाठली. दोन दिवसांची मजुरी बुडाली. दाखला आला. मी तो भूगोलाच्या पुस्तकात ठेवला तो ठेवलाच. सरांकडे दिला नाही. पुन्हा उभं राहायचं नव्हतं, बस. त्या वर्षी शाळेच्या रजिस्टरात मी गरीब नव्हतो. घरी चहा गुळाचा आणि बिनदुधाचा चालला होता, पण कागदावर मी सुखवस्तू.

ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. आता सांगतोय त्याला कारण अमेरिका.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तिसरी पाळी सुटली की घरी येऊन झोप लागेपर्यंत वाचतो. शिकवणारं कुणी नाही, हाताला येईल ते वाचायचं. ब्लॅक पँथरचं नाव आपल्याला नवं नाही. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती त्यांचं नाव घेऊनच. पण आपल्या पोरांना ब्लॅक पँथर म्हटलं की काळं जाकीट, तिरपी टोपी आणि बंदूक एवढंच दिसतं. मी पण त्याच ओढीनं वाचायला घेतलं. आणि हाताला लागली काय, तर न्याहारी!

जानेवारी १९६९. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर. तिथल्या काळ्या वस्तीतल्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पँथरांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळी खायला घालायला सुरुवात केली. अंडी, पाव, मक्याच्या कण्या, दूध. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली म्हणतात, आठवडा संपता संपता सव्वाशेच्या वर गेली. वर्षअखेर पक्षाचा हिशोब होता, एकोणीस शहरांत वीस हजार पोरं. पहाटे उठून भांडी घासणारे, दुकानदारांकडे अंडी मागत फिरणारे हे पँथर होते. आणि अमेरिकेच्या गुप्त पोलिसांचा मुख्य एडगर हूवर याला धडकी भरली ती बंदुकीपेक्षा या न्याहारीची. आपल्या लोकांना तो कागदावर लिहून कळवतो की पँथरांना मोडायच्या कामात सगळ्यात मोठा अडथळा हा न्याहारीचा कार्यक्रम आहे.

पँथर पोरांना काय विचारत होते? काही नाही. बस, खा, शाळेत जा.

माझ्या डोक्यात प्रश्न आला तो इथं. अमेरिकेत तर शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ पासून आहे. मग तेवीस वर्षांनी ही पोरं उपाशी कशी? म्हणून मागं गेलो.

४ जून १९४६ ला ट्रुमननं त्या कायद्यावर सही केली. कायद्यात पहिल्याच तोंडाला कारण लिहिलंय ते राष्ट्राच्या सुरक्षिततेचं. महायुद्धात भरतीला आलेले हजारो तरुण लहानपणीच्या अर्धपोटी राहण्यामुळे नापास झाले होते. दुसरं कारण शेतमाल. पिकतंय जास्त, भाव पडतोय, मग सरकारनं विकत घ्यायचं आणि शाळेत मुरवायचं. हे मंदीच्या काळापासूनच चाललेलं. म्हणून आजही हा कार्यक्रम तिथल्या शेती खात्याकडे आहे, शिक्षण खात्याकडे नाही. पोराच्या भुकेचा नंबर तिसरा लागला असेल तर असेल.

या कायद्याचा बाप कोण, तर जॉर्जियाचा सिनेटर रिचर्ड रसेल. काळ्यांना झाडाला लटकवून मारणाऱ्यांविरुद्ध कायदा येऊ नये म्हणून ज्यानं सिनेटमध्ये ठाण मांडलं, तोच हा. काळ्यांचा खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यानं भांडून एक कलम घालून घेतलं: काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणाऱ्या राज्यांनी निदान पैसा न्यायानं वाटावा. वेगळ्या शाळा तशाच राहिल्या, हे सांगायला नको. त्याच १९४६ च्या उन्हाळ्यात बाबासाहेबांनी अमेरिकेत डू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं, काळ्यांनी युनोकडे नेलेल्या अर्जाच्या प्रती मागवायला. म्हणजे इकडून त्यांची नजर तिकडे होतीच. आपली सुटली.

कायद्यात आणखी एक वाक्य होतं. ज्या पोराला पैसे देता येत नाहीत त्याला फुकट किंवा कमी पैशात जेवण द्यावं आणि त्यापायी त्याला वेगळं बसवू नये. वाक्य झकास आहे. पण कुणाला देता येत नाहीत हे ठरवायचं कुणी? स्थानिक शाळेच्या लोकांनी. दोस्तहो, स्थानिक या शब्दाचा अर्थ गावकुसाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकीकडे हेडमास्तर ठरवणार, दुसरीकडे मास्तरीण, तिसरीकडे कुणीच नाही. कुठं पोरानं जेवणाच्या बदल्यात काम करायचं, कुठं त्याचं तिकीट वेगळ्या रंगाचं. वरून येणारा पैसा तुटपुंजा, त्यामुळे जेवण चालायचं ते पैसे देणाऱ्या पोरांच्या पैशावर. म्हणजे जिथं पैसे देणारी पोरं जास्त तिथं जेवण, आणि शहराच्या गलिच्छ भागातल्या जुन्या शाळांत स्वयंपाकघरच नाही.

१९६८ ला पाच महिला संघटनांनी मिळून याची तपासणी केली. त्यात काळ्या बायकांची राष्ट्रीय संघटना होती, कॅथलिक होत्या, ज्यू होत्या. पुढारपण जीन फेअरफॅक्स या काळ्या बाईकडे. त्यांनी अहवालाला नाव दिलं ‘त्यांची रोजची भाकर’. सरकारी शाळांत पोरं सुमारे ५ कोटी. शाळेचं जेवण घेणारी १ कोटी ८० लाखांच्या आसपास. आणि फुकट किंवा सवलतीत जेवणारी २० लाखांच्याही आत. शंभरात चारसुद्धा नाहीत! आता त्या वर्षी कुणी फुकट जेवणाऱ्यांची यादी पुढं करून म्हटलं असतं की बघा, अमेरिकेत गरीब पोरं शंभरात चारच, तर कागद त्याच्या बाजूनं होता. यादी खोटी नव्हती. यादीत जे बसवले तेवढेच मोजले होते.

एका बाजूनं हा अहवाल, दुसऱ्या बाजूनं पँथरांची न्याहारी, रस्त्यावर गरिबांचे मोर्चे. सरकार हललं. १४ मे १९७० ला निक्सननं नव्या कायद्यावर सही केली. आता सगळ्या देशाला एकच माप. आणि गरीब पोराची ओळख पटेल असं काही करायला बंदी: वेगळी तिकिटं नाहीत, बिल्ले नाहीत, नावांची यादी जाहीर वाचायची नाही. हे वाचताना मी थांबलो. १९७० ला अमेरिकेत ज्याची बंदी झाली ते मी २०१२ ला आमच्या वर्गात उभं राहून ऐकलं होतं.

माप कुठून आणलं तेही ऐका. अमेरिकेची दारिद्र्यरेषा काढली मॉली ऑर्शान्स्की नावाच्या बाईनं. गरीब, परदेशातून आलेल्या घरातली पोर, सरकारी कचेरीत आकडेमोड करणारी. १९५५ च्या पाहणीत दिसलं होतं की घरं कमाईचा तिसरा हिस्सा खाण्यावर घालवतात. तिनं सगळ्यात स्वस्त आहाराचा वर्षाचा खर्च घेतला आणि तिनानं गुणला. झाली रेषा. १९६५ पासून सरकार ती वापरू लागलं. पुढं महागाईप्रमाणे रक्कम वाढवत गेले, पण हिशोबाचा सांगाडा तोच. घरभाडं, दवाखाना कुठल्या कुठं गेला तरी सांगाडा तोच. म्हणजे भाकरीच्या किमतीवरून गरिबी ठरवली आणि त्या गरिबीवरून भाकर कुणाला द्यायची ते ठरवलं. गोल फिरून जातं तिथंच.

१९८१ ला रेगन आला आणि कात्री लागली. रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत कमाई असेल तर फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, ४० सेंटच्या वर घ्यायचं नाही. तेच टक्के आजही आहेत. त्याच वर्षी टोमॅटोच्या सॉसला भाजी धरायचं घाटत होतं. देशभर हसं झालं तेव्हा मागं घेतलं. हसण्यात कात्री विसरू नका. शाळेत जेवणारी पोरं १९८० ला २ कोटी ६६ लाख होती, १९८२ ला २ कोटी २९ लाखांवर आली. दोन वर्षांत अमेरिकेतली गरिबी काही कमी झाली नव्हती. उलट मंदी होती. फॉर्म अवघड झाला आणि जेवण महागलं, एवढंच.

आता खरी गोम. हा फॉर्म भाकरीसाठी होता, तो गरिबीची मोजपट्टी झाला कसा? कुणी बसून ठरवलं नाही. शाळेला पोरांच्या घरची कमाई माहीत नसते. कचेरीत एकच कागद असा, ज्यावर ती लिहिलेली: जेवणाचा फॉर्म. १९६५ च्या कायद्यानं गरीब पोरांच्या शाळांना जादा पैसा द्यायचं ठरलं. शहरातल्या कुठल्या शाळेला किती, हे पाहायला हीच यादी बरी पडली. २००२ ला नवा कायदा आला, की गरीब पोरांचे मार्क वेगळे काढून दाखवा. गरीब कोण? ज्याचा जेवणाचा फॉर्म आहे तो. विद्यापीठातले पंडितही तीच यादी घेऊन प्रबंध लिहू लागले. ताट होतं, त्याचा तराजू केला.

आणि तराजू कुठं कुठं खोटा पडतो बघा. २०१३ च्या सुमाराला यादीतली पोरं निम्म्याच्या वर गेली, तेव्हा बातम्या आल्या की अमेरिकेच्या सरकारी शाळांतली बहुसंख्य पोरं गरीब. पण त्याच वेळी सरकारी दारिद्र्यरेषेखाली पोरं होती पाचात एक. कारण यादी रेषेच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाते. नुसतीच तंगी आणि पार नागवं असणं, दोन्ही एकाच रकान्यात. मिशिगन राज्यातल्या आकड्यांवरून दोघा अभ्यासकांनी दाखवलं की आठवीतली साधारण निम्मी पोरं त्या वर्षी यादीत होती, पण बालवाडीपासून दरसाल यादीत असणारी फक्त १४ टक्के. आणि अभ्यासात सगळ्यात मागं पडलेली तीच. वर्षाची गरिबी आणि जन्माची गरिबी यात फरक आहे, हे आपल्याकडे म्हातारी बाईसुद्धा सांगेल. त्या रकान्याला ते कळत नव्हतं.

उलटीकडूनही खोटा. मोठ्या वर्गात गेली की पोरं फॉर्म आणत नाहीत. प्राथमिक शाळेत यादी भरगच्च, हायस्कूलला ओसरते. तीच घरं, तीच पोरं, वय तेवढं वाढलं. बाकीची आपल्या पैशानं पिझ्झा घेतात त्या खिडकीवर, आणि सरकारी ताटाची रांग दुसरीकडे. कायद्यात बिल्ल्याला बंदी आहे, पण रांग दिसतेच. हे मला कुणी समजावून सांगायला नको. भूगोलाचं पुस्तक आठवा.

एक अभ्यास मात्र मला चावत राहिला. २०१८ चा. पोरांच्या घरची खरी कमाई आयकराच्या कागदावरून काढली आणि यादीशी ताडून पाहिली. कमाई सांगायला यादी कच्ची निघाली. पण कुठलं पोर शाळेत मागं पडणार याचा अंदाज कमाईच्या आकड्याइतकाच, कुठं त्याहून बरा, यादीवरून लागला. असं का? मला वाटतं ते सांगतो, पंडितांनी हसावं पाहिजे तर. कमाईच्या आकड्यात फक्त पैसे असतात. फॉर्म भरणाऱ्या घरात आणखी पुष्कळ काही घडलेलं असतं, कुणाचं काम गेलेलं, कुणी आजारी, कुणी घर सोडून गेलेला. त्याशिवाय आई कागद घेऊन निघत नाही.

२०१० ला ओबामाच्या काळात कायदा झाला आणि या यादीचा कणाच मोडला. सरकारकडे आधीच नोंद असते की कुठल्या घराला धान्याची मदत मिळते. त्या नोंदीवरून ज्या शाळेत शंभरात चाळीस पोरं परस्पर गरीब ठरतात, त्या शाळेनं हवं तर सगळ्यांनाच फुकट जेवण द्यावं, फॉर्म नको. २०१४ पासून हे देशभर लागू झालं, २०२३ ला चाळीसचे पंचवीस केले. फॉर्म गेला, रांग गेली, डॉक्टरचं पोर आणि झाडूवाल्याचं पोर एका ताटावर. वाचून मी खूश. आणि पंडित रडायला लागले, की आता या शाळांत यादीवरून सगळीच पोरं सारखी गरीब, आम्ही मोजायचं कसं? म्हटलं रडा. पोरं जेवतायत ना!

मग चार दिवस कामावर धागे जोडता जोडता तेच डोक्यात फिरत राहिलं, आणि वाटलं की रडणं सगळं खोटं नाही. ज्या आकड्यावर जादा मास्तर मिळतो, जादा पैसा मिळतो, तो आकडाच पुसला तर उद्या गोऱ्या उपनगरातली शाळा म्हणणार, आमची पण गरीबच. आणि परस्पर नोंदीत सगळे येत नाहीत. कागदपत्राविना आलेल्या मजुरांना धान्याची मदत मिळतच नाही, म्हणून त्यांची पुष्कळ पोरं त्या नोंदीत नाहीत. जुन्या फॉर्मवर तरी ती येऊ शकत होती, कारण जेवणाला नागरिकत्वाची अट नाही. म्हणजे लाज गेली त्याबरोबर काही पोरं हिशोबातूनही गेली. आपण जनगणनेत जात मोजा म्हणून ओरडतो ते का? मोजलं नाही तर मागता येत नाही म्हणूनच. आणि मोजायला गेलं की उभं राहावं लागतं. या पेचाचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

करोनात, मार्च २०२० पासून, अमेरिकेनं सगळ्याच पोरांना फुकट जेवण दिलं. जून २०२२ अखेर ते थांबवलं आणि फॉर्म परत आला. त्याच्याबरोबर उधारी परत आली. तिथं पोराच्या नावावर जेवणाची उधारी चढते. उधारी झाली तर काही शाळांत पोराच्या हातावर शिक्का मारायचे, वाढलेलं ताट काढून कचऱ्यात टाकायचे. २०१७ ला न्यू मेक्सिको राज्यानं पहिल्यांदा यावर बंदी आणली. तो कायदा आणणारा मायकेल पडिया परक्या घरांत वाढलेला, लहानपणी शाळेच्या जेवणघरातली फरशी पुसलेला.

एक माणूस राहिला. फिलँडो कॅस्टिल. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये शाळेच्या जेवणघरावर मुकादम होता, काळा. कुठल्या पोराला काय खाल्लं की त्रास होतो हे त्याला पाठ. एखाद्याकडे पैसे नसले तर स्वतःच्या खिशातून भरायचा, असं बरोबरचे लोक सांगतात. जुलै २०१६ ला पोलिसानं त्याची गाडी अडवली आणि गाडीतच गोळ्या घालून मारला. पोलीस २०१७ ला निर्दोष सुटला. २०१९ ला फिलँडोच्या आईनं त्याच राज्यातल्या एका हायस्कूलच्या पोरांची उधारी फेडायला ८ हजार डॉलर दिले. मार्च २०२३ ला मिनेसोटानं सगळ्या पोरांना फुकट जेवणाचा कायदा केला. कॅलिफोर्निया आणि मेननं त्याच्या आदल्या वर्षीच सुरू केलं होतं.

आता त्या कॅलिफोर्नियात काय चाललंय? जेवण सगळ्यांना आहे. पण गरीब पोरांमागे शाळेला जादा पैसा मिळतो तो अजून मोजणीवर, म्हणून शाळा आईबापांच्या मागं लागतात, कमाईचा फॉर्म तेवढा भरून द्या. जेवणाशी त्याचा काही संबंध उरला नाही. आईबाप म्हणतात, जेवण तर मिळतंय, मग हा कागद कशाला? फॉर्म कमी येतात.

जूनमध्ये आपलं मंडळ वस्तीत स्कॉलरशिपचे आणि दाखल्यांचे अर्ज भरायला बसतं. दरसाल टेबल नाक्यावर असतं, बोर्ड लावून, लाऊडस्पीकरवर नावं पुकारत. मी म्हटलं, यंदा टेबल विहाराच्या मागच्या खोलीत लावू, नावं पुकारायची नाहीत. आणि नववी-दहावीच्या पोरांच्या घरी आपण स्वतः जाऊ. पोरं हसली, म्हणाली लाऊडस्पीकर नाही तर कार्यक्रम कसला. रविवारी परत बैठक आहे.